माउथ ऑर्गन काळी एकपर्यंत उतरवताना

बाबा काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला (सी शार्पला) सा धरून, गातात. गुरुवारच्या भजनात त्यांनी सा लावला की पेटी, टाळ, पखवाज सगळं त्या सुराभोवती येऊन बसतं. मी खिशातून माउथ ऑर्गन काढला की तो मात्र या सगळ्याच्या वर कुठेतरी चिवचिवत राहायचा. पुरुषाच्या गळ्यातला काळी एकचा सा असतो सुमारे १३८.६ हर्ट्झचा. दुकानातून आणलेल्या सी शार्पच्या दहा भोकांच्या वाद्याचं चौथं भोक फुंकलं, म्हणजे आपण जिथे मधला सा धरतो तिथे, तर ५५४ हर्ट्झ ऐकू येतात. सूर तोच, पण दोन सप्तकं वर. साथीला असलेलं वाद्य गाणाऱ्याच्या डोक्यावरून वाजत राहिलं तर ती साथ होत नाही.

अशा वाद्यांच्या नेहमीच्या संचात सगळ्यात खालची पट्टी जी, आपली पांढरी पाच. तिच्या पहिल्या भोकात फुंकलं की १९६ हर्ट्झ. त्याहून खालच्या पट्ट्यांची तयार वाद्यं बनतात. होनर कंपनीची थंडरबर्ड त्यातलीच, आणि सायडल ही कंपनीही खालच्या पट्ट्या बनवते. ज्यांना जमेल त्यांनी ती जरूर घ्यावीत. मला मात्र हातातल्या साध्या जीच्या वाद्यालाच खाली आणायचं होतं. पांढरी पाच ते खालची काळी एक हे अंतर सहा अर्धस्वरांचं (अर्धस्वर म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांतलं अंतर, काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून). तेवढं उतरवलं की पहिलं भोक नेमकं १३८.६ वर येतं, बाबांच्या सा वर. गेली काही वर्षं रविवारी दुपारी मी हेच करत आलो आहे, आणि जे हाताला कळलं ते इथे क्रमाने मांडतो.

पहिल्यांदा सहा अर्धस्वर उतरवायला जाऊ नका. जीवरून एफ, म्हणजे पांढरी पाचवरून पांढरी चार, हे दोनच अर्धस्वर आधी करा. हात बसला की पांढरी तीन, मग काळी एक.

खरवडायचं की वजन घालायचं

सांगलीत पेटी दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे मी लहानपणी तासन्‌तास बसायचो. ते सांगायचे, "हे बघ बाळा, सूर चढवायचा असेल तर टोकाला घासायचं, उतरवायचा असेल तर मुळाशी." पेटीची रीड आणि माउथ ऑर्गनची रीड एकाच जातीच्या. पितळेची पातळ पट्टी, एक टोक रिव्हेटने पक्कं, दुसरं मोकळं, आणि हवेच्या झोताने ती आपल्या खाचेतून आत-बाहेर हलते. ती जितकी ताठ तितका सूर वर, मोकळं टोक जितकं जड तितका सूर खाली. मुळाशी घासलं की ताठपणा कमी होतो, टोकाला घासलं की वजन कमी होतं. काकांच्या एका वाक्यात सगळं आलं.

पण काका घासायचे ते दहा-वीस सेंटसाठी. एका अर्धस्वरात १०० सेंट असतात, म्हणजे त्यांचं काम अर्धस्वराच्या पाचव्या भागाच्या आतलं. मी हे लक्षात न घेता पहिल्या वाद्याच्या पहिल्या भोकाची रीड मुळाशी घासत तीन अर्धस्वर खाली आणली. सूर आला, गोडही वाटला. तीन आठवड्यांत रीड मुळाशी तडकली. रीड सर्वांत जास्त वाकते ती मुळाशीच, आणि मी तिथलंच धातू काढून टाकलं होतं.

म्हणून ही वाट सोडा. रीडला हात न लावता तिच्या मोकळ्या टोकावर सोल्डरचा, म्हणजे डाखाचा, छोटा ठिपका बसवा. टोकाला रीड जवळजवळ वाकत नाही, ती फक्त झुलते, त्यामुळे तिथे वजन वाढल्याने तिला इजा होत नाही. अ‍ॅकॉर्डियनच्या खर्जाच्या रीड्सना कारखान्यातच असं टोकाला वजन दिलेलं असतं. दुसरा मोठा फायदा म्हणजे चूक झाली तर ठिपका काढता येतो आणि वाद्य होतं तसं परत मिळतं. घासलेलं पितळ परत येत नाही.

वजन किती?

हा भाग वाचायला जरा किचकट आहे, पण कागदावर एकदा सोडवला की पुढचं सगळं काम अंदाजाच्या हवाली राहत नाही.

रीडची कंपनसंख्या तिच्या हलणाऱ्या वजनाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. म्हणजे सूर एक सप्तक खाली आणायचा, कंपनसंख्या निम्मी करायची, तर हलणारं वजन चौपट हवं. सहा अर्धस्वरांसाठी ते बरोबर दुप्पट. तीन अर्धस्वरांसाठी १.४१ पट, दोनसाठी १.२६ पट, एकासाठी १.१२ पट.

मात्र इथलं 'हलणारं वजन' म्हणजे अख्ख्या रीडचं वजन नव्हे. मूळ पक्कं असतं आणि मधला भाग थोडाच हलतो, त्यामुळे टोकाच्या हिशेबाने सरळ, एकसारख्या जाडीच्या रीडचं वजन तिच्या खऱ्या वजनाच्या साधारण पावभरच मोजलं जातं. म्हणून सहा अर्धस्वरांसाठी रीडच्या वजनाच्या फक्त पाव हिश्शाएवढं वजन अगदी टोकावर पुरतं. दोन अर्धस्वरांसाठी सहा टक्के.

आता प्रत्यक्ष आकडे. जीच्या वाद्यातली पहिल्या भोकाची रीड सुमारे १६ मिमी लांब, २ मिमी रुंद, पाव मिमी जाड धरली तर तिचं वजन ७० मिलिग्रॅमच्या आसपास येतं. ठिपका थेट टोकाच्या कडेवर बसत नाही, दोन-तीन मिमी मागपर्यंत पसरतो, आणि मागे सरकलेलं वजन कमी काम करतं. तेही धरून सहा अर्धस्वरांसाठी सुमारे २० मिलिग्रॅम लागतात. १ मिमी जाडीच्या शिसेविरहित सोल्डर तारेचा साडेतीन मिमी तुकडा म्हणजे तेवढंच वजन. तो वितळवून गोळी केली तर मोहरीएवढी होते. दहाव्या भोकाची रीड बरीच आखूड आणि पातळ, तिला तारेचा एक मिमीच पुरतो. ती गोळी खसखशीच्या दाण्याहून थोडीच मोठी. माझ्या वहीत मी मिलिग्रॅम लिहीतच नाही, 'मोहरी', 'अर्धी मोहरी', 'खसखस' असंच लिहितो.

आकडे सुरुवातीपुरते आहेत. काही बनावटीत खालच्या रीड्स आधीच टोकाला जाड ठेवलेल्या असतात, त्यांना थोडं जास्त वजन लागतं. म्हणून प्रत्येक रीडपाशी शेवटचा निकाल ट्यूनर देईल.

वाद्य आणि हत्यारं

स्क्रूने बांधलेलं, प्लास्टिकचा मधला सांगाडा असलेलं दहा भोकांचं वाद्य घ्या. खिळ्यांनी ठोकलेलं वाद्य पुन्हा पुन्हा उघडताना सैल पडतं आणि हवा गळते; या कामात ते निदान दहा वेळा उघडावं लागतं. लाकडी सांगाडा ओलाव्याने फुगतो, तोही नको. रीड्स पितळेच्या किंवा फॉस्फर ब्राँझच्या असाव्यात. सायडलच्या काही वाद्यांत स्टेनलेस स्टीलच्या रीड्स असतात. त्यांवर साध्या राळेच्या फ्लक्सने (डाख नीट धरावा म्हणून आधी लावायच्या लेपाने) डाख धरत नाही, तेव्हा ती या कामाला घेऊ नका.

ट्रेमोलो वाद्यात प्रत्येक सुराला दोन रीड्स असतात, आणि त्या एकमेकींपासून मुद्दाम किंचित सुटलेल्या ठेवाव्या लागतात. काम दुप्पट, शिवाय कंप सांभाळायचा. पहिल्या वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नका. क्रोमॅटिकमध्ये, म्हणजे बटण दाबून मधले अर्धस्वरही देणाऱ्या वाद्यात, खाचांवर प्लास्टिकच्या पातळ झडपा असतात, त्या उष्णतेने लगेच वाकड्या होतात. हात पूर्ण बसल्यावरच ते.

२५ वॅटचं, बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न पुरतं. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सगळं एका फेरीत मिळतं. सोल्डर मात्र शिसेविरहितच मागा, आणि दुकानदाराने साठ-चाळीस पुढे केलं तर नम्रपणे परत द्या. साठ-चाळीसमध्ये चाळीस टक्के शिसं असतं. ते १८३ अंशांना वितळू लागतं म्हणून काम सोपं जातं हे खरं, पण हे वाद्य तोंडाला लागतं आणि त्यातून ओढलेली हवा थेट छातीत जाते. शिसेविरहित सोल्डर २२० अंशांच्या पुढे वितळतं, एवढाच त्रास. आपल्याकडे पितळेच्या भांड्यांना कल्हई केली जायची ती कथलाचीच, आणि या तारेतही जवळजवळ सगळं कथीलच असतं.

फ्लक्स राळेचं घ्या. नळाच्या कामाचं आम्लाचं फ्लक्स पितळ खातं आणि आठवडाभरात रीडवर हिरवा थर चढतो. याशिवाय स्पार्क प्लगची फट मोजायचं पोलादी फिलर गेज लागेल, त्यातली ०.०५ आणि ०.१० मिमीची पाती. बारीक पॉलिश पेपर, सहाशे नंबरच्या वरचा. सर्जिकल ब्लेड, घड्याळजीचं भिंग, एक मऊ सहा बी पेन्सिल, आयसोप्रोपिल अल्कोहोल, मोबाइलवर सेंट दाखवणारं कुठलंही ट्यूनर अ‍ॅप. आणि अंड्यांचा रिकामा ट्रे. स्क्रू सुटे झाले की एकेका खणात ठेवायला याहून चांगलं काही मला सापडलेलं नाही.

आधी पेटी मोजा

वाद्य उघडण्यापूर्वी ज्यांच्याबरोबर वाजवायचं आहे त्यांची पट्टी मोजा. घरातल्या जुन्या पेट्या ४४० हर्ट्झच्या हिशेबाला, म्हणजे मधली पांढरी सहा ४४० वर धरायच्या आजच्या रीतीला, चिकटून असतातच असं नाही. आमच्या मंडळाच्या पेटीची काळी एक ट्यूनरवर बारा सेंट चढी निघाली. मी तिच्या हिशेबाने वाद्य लावलं म्हणून ते बसलं. अ‍ॅप सांगतं म्हणून ४४० वर लावलं असतं, तर प्रत्येक भजनात ते थोडं उतरलेलं वाटलं असतं आणि कुणाला कारणही कळलं नसतं.

मग वाद्य न उघडता वीसही सूर मोजून वहीत लिहा. दहा भोकं, प्रत्येकाला एक फुंकीचा आणि एक ओढीचा सूर. पट्टीचा सा धरला तर फुंकीत क्रमाने सा ग प, सा ग प, सा ग प, सा येतात. ओढीत रे, प, नी, रे, म, ध, नी, रे, म, ध. हीच रचना खाली उतरवल्यावरही राहणार आहे, कारण सगळ्या रीड्स सारख्याच अंतराने उतरतात. श्वास नेहमीचा ठेवा. जोराने फुंकलं की सूर पडतो, आणि मोजमाप चुकतं.

उघडणं

वरचं-खालचं झाकण काढा. भोकांचे आकडे असलेल्या बाजूची रीडप्लेट, म्हणजे रीड्स जडवलेली पट्टी, फुंकीची, खालची ओढीची. ओढीच्या रीड्स प्लेटच्या बाहेरच्या अंगाला असतात, झाकण काढलं की समोर दिसतात. फुंकीच्या रीड्स आतल्या अंगाला, सांगाड्याच्या पोकळीत, त्यामुळे त्यांच्यासाठी प्लेट पूर्ण सोडवावी लागते. म्हणून सुरुवात नेहमी ओढीच्या प्लेटने करा. प्लेट सांगाड्यावर बसलेली असतानाच रीड वाजवून बघता येते, चूक लगेच कळते.

तरी डाख लावताना मात्र कुठलीही प्लेट सांगाड्यावर ठेवू नका. प्लास्टिक वितळतं. प्लेट सोडवा, लाकडी फळीवर ठेवा.

डाख लावणं

पहिल्या दिवशी दोनच रीड्स करा. चौथ्या भोकाची ओढीची रीड आकाराने मध्यम आणि हाताला सोपी, तिथून सुरुवात बरी.

रीडखाली ०.०५ मिमीचं पोलादी पातं मोकळ्या टोकाकडून हळूच सरकवा. आता रीड टेकली आहे, दाबली तरी खाचेत जाणार नाही. टोकाचा शेवटचा दोन-तीन मिमी भाग पॉलिश पेपरच्या छोट्या घडीने दोन-तीनदाच पुसून घ्या, पितळ चमकलं की थांबा. मग पेन्सिलीचं शिसं कामाला येतं. खाचेच्या दोन्ही कडांवर, रीडच्या मागच्या भागावर आणि खालच्या पोलादी पात्यावर पेन्सिल घट्ट फिरवा. ग्रॅफाइट लागलेल्या जागी सोल्डर धरत नाही. माझ्या दुसऱ्याच वाद्यात मी हे केलं नव्हतं. सोल्डर रीडच्या कडेवरून ओघळून खाचेत गेलं, रीड प्लेटला चिकटली, आणि ती सोडवताना वाकली. पेन्सिलीची ही दोन मिनिटं कधी वाचवू नका.

तारेचे तुकडे आधीच मोजून कापून ठेवा. दोन अर्धस्वरांसाठी मधल्या रीड्सना अर्ध्या मिमीचा तुकडा पुरतो. टोकाला फ्लक्सचा बिंदू लावा, त्यावर तुकडा ठेवा आणि आयर्नचं स्वच्छ, किंचित कथील लागलेलं टोक त्या तुकड्याला टेकवा. रीडचं टोक पातळ असल्याने ते एक-दोन सेकंदांतच तापतं. तुकडा चकाकून पसरला की आयर्न उचला. तीन सेकंदांच्या आत झालं नाही तर थांबा, थंड होऊ द्या, पुन्हा पुसून फ्लक्स लावा. जास्त वेळ तापवलं तर उष्णता मुळाकडे जाते आणि पितळाचा कस उतरतो. टोकाशी थोडा कस गेला तरी चालतो, मुळाशी नाही.

थंड झाल्यावर भिंगातून बघा. ठिपका रीडच्या वरच्या अंगालाच हवा आणि दोन्ही कडांच्या आत. रीड हलताना ठिपक्यासकट खाचेत शिरते, त्यामुळे केसाएवढा भागही बाहेर आला तर ती अडकेल. आला असेल तर ब्लेडने कडेला समांतर खरवडून काढा, खाली पोलादी पातं असू द्या.

खोलीची खिडकी उघडी आणि पंखा अंगावर न येता धूर बाहेर नेईल असा ठेवा. राळेचा धूर घशाला लागतो.

सुरावर आणणं

मी प्रत्येक रीडला मुद्दाम थोडं जास्त वजन देतो, सूर हव्या त्या जागेच्या वीस-तीस सेंट खाली जाईल इतकं. मग ठिपक्याचा माथा ब्लेडने किंवा बारीक कानशीने थोडा थोडा खरवडत सूर वर आणतो. खरवडायचा तो ठिपका, पितळ कधीच नाही. कथील मऊ असतं, दोन हलक्या ओढींत पाच-सहा सेंट सुटतात, आखूड रीड्सवर त्याहून जास्त. नवव्या-दहाव्या भोकापाशी एकेका ओढीनंतर मोजा.

बोटाने रीड छेडून येणारा सूर मोजू नका. छेडलेला आणि फुंकलेला सूर वेगळा येतो. खरा तो फुंकलेला. त्यासाठी प्लेट सांगाड्यावर ठेवून दोन स्क्रूंनी आवळावी लागते, पुन्हा सोडवावी लागते. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही. काकांकडे एक छोटा भाता होता, त्यावर सुटी रीड ठेवली की हवा देऊन वाजवता यायची. तसा कुणी बनवून दिला तर तुमची निम्मी दुपार वाचेल.

गरम रीडचा सूर उतरलेला असतो, म्हणून डाख दिल्यावर दहा मिनिटं तरी मोजायचं नाही. उलट शेवटच्या बारीक सुरांच्या वेळी वाद्य मुठीत धरून कोमट करा, कारण वाजवताना ते तसंच असणार.

या टप्प्यावर सगळ्या रीड्स पाच-सहा सेंटांच्या आत आल्या की पुरे. बारीक काम नंतर.

धुणं आणि फट

राळेचे डाग अल्कोहोलने पुसा, मऊ ब्रश मुळाकडून टोकाकडे फिरवा, उलटा कधीच नाही. मग प्लेट कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत पूर्ण सुकवा. हात दोनदा धुवा.

आता फट. रीडचं मोकळं टोक प्लेटपासून जरासं उचललेलं असतं. ती फट साधारण रीडच्या टोकाच्या मूळ जाडीएवढी ठेवायची असा जुना अंदाज आहे. वजन दिलेली रीड जास्त मोठा झोका घेते, म्हणून तिला थोडी जास्त फट द्या. पहिल्या तीन भोकांना मी पूर्वीपेक्षा साधारण एक चतुर्थांश जास्त देतो. फट कमी असेल तर हलक्या श्वासाला सूर लागतो पण जोर दिला की रीड गप्प बसते. फट जास्त असेल तर सूर उशिरा उठतो आणि श्वास वाया जातो. वाकवताना टोकाला धरू नका. मुळाजवळ टूथपिकने हळूच उचला किंवा दाबा.

फट बदलली की सूरही दोन-चार सेंट सरकतो. म्हणून फट आधी, बारीक सूर नंतर. ही दोन कामं उलट्या क्रमाने केली तर सगळी मेहनत दोनदा होते.

गांधाराचा प्रश्न

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो.

ट्यूनरची सुई मध्यावर आणली तर प्रत्येक सूर आजच्या पेटीसारखा, समान बारा भागांतला येतो. पण तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो गांधार आपोआप ऐकू येतो, तो या सुईच्या चौदा सेंट खाली असतो. सा आणि ग यांचं नातं तिथे चारास पाच असं नेमकं असतं. फुंकीचे सा ग प एकत्र वाजवून गांधार हळूहळू चौदा सेंट खाली आणून बघा. लहरी थांबतात आणि तीन सूर एकाच गळ्यातून आल्यासारखे मिसळतात. ज्याने हे एकदा ऐकलं त्याला सुईवरचा गांधार कडक वाटू लागतो.

याच हिशेबाने रे चार सेंट वर, म दोन खाली, प दोन वर, ध सोळा खाली, नी बारा खाली. एकट्याने तंबोऱ्यावर वाजवायचं असेल तर असंच लावा.

पण पेटीबरोबर वाजवताना तोच चौदा सेंट उतरलेला गांधार पेटीच्या गांधाराशी भांडतो. मी पेटीच्या साथीच्या वाद्यात ग आणि नी पाच-सहा सेंटच खाली ठेवतो, ध आठ, बाकीचे सुईवर. दोन्हीकडे थोडं थोडं सोडलं आहे. माझ्या कानाला हे बरं वाटतं, तुमच्या कानाला वेगळं वाटू शकतं.

सूर ठरले की सप्तकं जुळवा. इथे ट्यूनर बाजूला ठेवा, तंबोऱ्याच्या जोडाच्या तारा मिळवताना ऐकता तसं ऐका. जिभेने मधली भोकं झाकून फुंकीत १ आणि ४, ४ आणि ७, ७ आणि १०, मग २ आणि ५, ३ आणि ६. ओढीत १ आणि ४, ३ आणि ७, ४ आणि ८, ५ आणि ९, ६ आणि १०. सूर सुटला असेल तर वँव-वँव अशी लाट येते. जवळ येत जाईल तशी ती मंदावते आणि थांबते. दुसऱ्या भोकाची ओढ आणि तिसऱ्याची फुंक हा एकच पंचम आहे, ते दोन्ही एकमेकांशी पडताळा.

मग वाद्य बंद करून एक रात्र तसंच ठेवा. सकाळी पुन्हा मोजलं की दोन-तीन रीड्स सरकलेल्या सापडतात. त्या दुरुस्त करा.

काही बिघडलं तर

खडखड येत असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन भोकांची ओढीची रीड झाकणाला आपटत असते. झोका मोठा झाला, वर ठिपकाही आला. झाकण आतून लाकडी दांड्याने हळूच फुगवा. मागची कड थोडी उघडली तर आवाजही मोकळा होतो. झाकण काढल्यावरही खडखड राहिली तर ठिपका किंवा रीड खाचेच्या कडेला लागत असेल. प्लेट उजेडासमोर धरून दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या दिसतात का ते पाहा, रीड मुळाशी हळूच फिरवून मध्यावर आणा.

सूर लागायला वेळ लागत असेल तर आधी फट बघा, मग प्लेट नीट आवळली आहे का ते. तरीही रीड मंद असेल, विशेषतः सहा अर्धस्वरांच्या कामात पहिल्या-दुसऱ्या भोकाची, तर थोडा मंदपणा स्वीकारावा लागतो. जड रीड सावकाश जागी होते. एखादी रीड आठवड्याभरात अचानक वीस-तीस सेंट चढली तर तिचा ठिपका सुटतो आहे असं समजा. पूर्ण काढून पुन्हा बसवा, वरून आणखी सोल्डर थापू नका.

आयर्न हाती घ्यायच्या आधी नुसता आवाज कसा येईल ते बघायचं असेल, तर भिंतीवर कागद चिकटवायच्या मऊ पुट्टीचा कण टोकाला लावून बघा. पुट्टी कथलापेक्षा बरीच हलकी, म्हणून तिचा गोळा मोठा होतो आणि वाजवताना सरकतो. तिच्यावर कायमचं काम करता येणार नाही, पण एका रीडवर अर्ध्या तासात कल्पना येते.

वाजवताना

खाली उतरलेल्या वाद्याला श्वास वेगळा लागतो. जोर नको, हवा जास्त आणि सावकाश. तोंडाची पोकळी मोठी ठेवा, जीभ खाली, घसा मोकळा, जसा खर्जाचा रियाज करताना ठेवतो तसा. ओढीच्या सुरांना मींड देऊन खाली आणता येतं ते इथेही येतं, कारण फुंक आणि ओढ यांतलं अंतर बदललेलं नाही. पण जबडा जास्त खाली सोडावा लागतो आणि सूर उशिराने वळतो. पहिल्या तीन भोकांचे सूर एकदम फुंकले तर गुरगुर होते, तिथे एकेकच सूर किंवा सा-सा अशी सप्तकाची जोडी वाजवा. चौथ्यापासून सातव्यापर्यंत हे वाद्य खरं खुलतं. काळी एकच्या वाद्यावर तो टापू २७७ पासून सुरू होतो, आणि बाबा तार सप्तकात जातात तेव्हा ते तिथेच असतात.

डबीवर आणि झाकणाच्या आतल्या बाजूला पट्टी, तारीख आणि पेटीच्या हिशेबाने किती सेंट चढं लावलं तो आकडा कोरून ठेवा. महिन्याभराने वीसही सूर पुन्हा मोजा, वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहा, आणि त्यानंतर वर्षातून दोनदा.